आर्थ्रायटिस प्रोफाइल, घरपोच : नऊ चाचण्या, कामाच्या पाच

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत दर दहा पावलांवर एक लॅब आहे आणि बहुतेक पाट्यांवर ‘घरी येऊन रक्त नेऊ’ असं लिहिलेलं असतं. शाहूपुरी, ताराबाई पार्क, दसरा चौकाची बाजू, सगळीकडे तेच. सांध्यांच्या दुखण्यासाठी या लॅब जे पॅकेज विकतात त्याचं नाव थोडंफार बदलतं, आतला माल साधारण एकच असतो : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, युरिक अ‍ॅसिड, एएसओ, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. एक सुई, नऊ चाचण्या, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. हा रिव्ह्यू त्या पॅकेजचा आहे, कुठल्या एका लॅबचा नव्हे.

निकाल आधीच सांगतो. सोयीला पाचपैकी चार, आतल्या मालाला अडीच आणि रिपोर्टच्या मांडणीला जेमतेम दोन. बोटं सुजलेल्या माणसाला रिक्षात चढायला-उतरायला लावण्यापेक्षा लॅबवाला दारात आलेला केव्हाही बरा, म्हणून सोयीला चार. बाकीचे गुण का कापले, ते पुढे.

पहिला घोळ नावातच आहे. आपल्याकडे गुडघा दुखला तरी वात, कंबर धरली तरी वात आणि हाताची बोटं सुजली तरी वात. रुमेटॉइड म्हणजे आमवात हा यातला एकच प्रकार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हाताची लहान बोटं, मनगटं, तळपायाचे पुढचे सांधे, तेही बहुतेकदा दोन्ही बाजूंचे, सुजतात. सकाळी भाकरीचं पीठ मळायला मूठ वळत नाही, धार काढताना बोटं धरतात आणि तासाभरानंतर कुठे हात मोकळा होतो. साठीतल्या माणसाचा जिना चढताना दुखणारा आणि बसल्यावर शांत होणारा गुडघा हा झिजेचा असतो. त्याला हे पॅकेज लागत नाही, पण विकलं त्यालाही जातं.

पॅकेजची खरी किंमत कळायला एक मोजमाप उपयोगी पडतं. अमेरिकेची आणि युरोपची संधिवाततज्ज्ञांची संघटना, दोघांनी मिळून २०१० मध्ये आमवात ओळखण्याचे निकष ठरवले. किमान एका सांध्याला खरी सूज असेल आणि तिचं दुसरं कारण सापडत नसेल, तरच ते लावायचे. एकूण गुण १०, आमवात म्हणायला ६ हवेत. किती आणि कुठले सांधे धरलेत याला ५ पर्यंत, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी मिळून ३ पर्यंत, दुखणं सहा आठवड्यांहून जुनं असेल तर १, आणि ईएसआर किंवा सीआरपी वाढलेलं असेल तर १. दोन्ही वाढले तरी एकच. म्हणजे नऊ चाचण्यांचं हे पॅकेज दहापैकी जास्तीत जास्त ४ गुण मिळवून देतं. उरलेले ६ डॉक्टरांच्या बोटांत आणि पेशंटच्या सांगण्यात आहेत. ‘एका रिपोर्टमध्ये संपूर्ण निदान’ असं पॅम्फ्लेटवर छापणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

आता एकेक चाचणी घेऊ. सुरुवात ईएसआरपासून, कारण पॅकेजमधली सर्वांत स्वस्त चाचणी हीच आणि सर्वांत जास्त हेळसांड होते तीही हीच.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात तो आकडा. अंगात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, त्याने लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, चवड जड होते आणि लवकर खाली बसते. मूळ वेस्टरग्रेन पद्धतीत रक्ताचे चार भाग आणि ३.८ टक्के सोडियम सायट्रेटचा एक भाग घेतात. काळ्या टोपणाच्या नळीत हे प्रमाण आधीच भरलेलं असतं : ०.४ मिलि सायट्रेट, वर १.६ मिलि रक्त, खुणेपर्यंत. शीर सापडली नाही म्हणून लॅबवाल्याने एक मिलि घेऊन काम भागवलं, तर प्रमाण बिघडलं आणि आकडाही बिघडला. निळ्या टोपणाची नळी रक्त गोठण्याच्या चाचणीची. तिच्यात नऊला एक असं प्रमाण असतं, ती इथे चालत नाही.

रक्त नीट आलं तरी लॅबमध्ये चुकायला वाव आहेच. नळी ओळंब्यात उभी हवी. तीन अंश कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, कारण पेशी भिंतीला घसरत भराभर खाली येतात. ज्या टेबलावर सेंट्रिफ्यूज (नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र) घरघरतंय त्याच टेबलावर स्टँड ठेवला की झाली पंचाईत. ऊन लागता कामा नये, खोली १८ ते २५ अंशांत हवी, आणि वाचायचं बरोबर ६० मिनिटांनी. चहा पिऊन आल्यावर सत्तराव्या मिनिटाला नव्हे. एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत लावलेला ईएसआर आणि जुलैच्या पावसात लावलेला ईएसआर यांची तुलना करणं धोक्याचं. काही लॅबमध्ये आता यंत्र आहे. ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतूनच वाचतं आणि तासाचा आकडा कमी वेळात हिशेबाने काढून देतं. त्यात गैर काही नाही, फक्त रिपोर्टवर पद्धत लिहिलेली पाहिजे. एका महिन्यात यंत्राचा, पुढच्या महिन्यात विंट्रोब नळीचा आणि तिसऱ्या महिन्यात वेस्टरग्रेनचा आकडा असेल, तर त्यांचा आलेख काढण्यात अर्थ नाही. विंट्रोब नळी मुळात १०० मिलिमीटरचीच, तिच्यात मोठे आकडे दबतात.

घरपोच सेवेची खरी परीक्षा इथेच होते. साध्या तापमानाला ठेवलेलं रक्त ईएसआरसाठी चार तासांच्या आत लावायला हवं. सकाळी साडेसहाला आजऱ्यात किंवा गडहिंग्लजात घेतलेलं रक्त, वाटेत आणखी दहा घरं करून दुपारी दीडला कोल्हापुरात पोचलं, तर त्या ईएसआरवर औषध बदलू नये. शहरातल्या शहरात ही अडचण सहसा येत नाही. तालुक्याच्या गावात असाल तर ईएसआर तिथल्याच लॅबमध्ये करून बाकीच्या चाचण्यांचं रक्त कोल्हापूरला पाठवणं शहाणपणाचं. वेगळा केलेला सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) २ ते ८ अंशांत काही दिवस टिकतो, त्यामुळे सीआरपी आणि अँटी-सीसीपीला प्रवास चालतो, ईएसआरला नाही. फोनवर बुकिंग घेणाऱ्यांना हा फरक अनेकदा माहीत नसतो.

रिपोर्टवर ईएसआरपुढे ‘० ते २०’ अशी एकच मर्यादा छापून पुढचं सगळं लाल करण्याची पद्धत आहे. वयाप्रमाणे हा आकडा वाढतोच. ढोबळ हिशेब असा : पुरुषांत वयाच्या निम्मे, बायकांत वयात दहा मिळवून त्याचे निम्मे. साठीच्या बाईंचा ईएसआर ३३ आला तर तो तिच्या वयाला चालतो, पण रिपोर्टमध्ये तो लाल आणि ठळक दिसतो आणि घरात चार दिवस चिंता. हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं काही दुर्मीळ नाही. म्हणून सीबीसी आणि ईएसआर एकाच दिवशी, एकाच रक्तातून पाहिले पाहिजेत. पॅकेजमध्ये सीबीसी आहे, ही त्याची जमेची बाजू.

सीआरपीचं काम जास्त स्वच्छ आहे. सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन. इंटरल्युकिन-६ या दाहाच्या निरोप्याच्या हुकमावर यकृत ते बनवतं. दाह सुरू झाल्यावर सहा तासांच्या आसपास ते वाढायला लागतं, दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मं होतं. ईएसआर मात्र फायब्रिनोजेन आणि इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिद्रव्यं) यांवर चालतो, ते ओसरायला आठवडे घेतात. औषध लागू पडल्यावर सीआरपी खाली आणि ईएसआर अजून वर, असं दिसतं ते याचमुळे. त्यात कुठलाही रिपोर्ट चुकलेला नसतो. सीआरपी सतत नॉर्मल आणि ईएसआर सतत ६०-७० असेल, तर रक्तक्षय, किडनी किंवा इम्युनोग्लोब्युलिन वाढवणारं दुसरं दुखणं शोधायचं असतं.

पण सीआरपीमध्येही दोन खड्डे आहेत. पहिला पद्धतीचा. लहान लॅबमध्ये अजून काचपट्टीवर लॅटेक्सचा थेंब टाकून ‘सीआरपी पॉझिटिव्ह’ असं लिहून देतात. त्या किटला साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरपासून पुढचं दिसतं. रक्त दुप्पट, चौपट पातळ करत गेलं तर १:४ म्हणजे सुमारे २४, १:८ म्हणजे सुमारे ४८, अशा उड्या मारतच मोजता येतं. २६ वरून ४० वर गेलेला पेशंट दोन्ही वेळा १:४ च दाखवणार. निदानाच्या पहिल्या दिवशी हे कसंबसं चालेल, औषधाचा परिणाम मोजायला चालणार नाही. बुकिंग करताना ‘आकड्यात देता का, टर्बिडिमेट्री किंवा नेफेलोमेट्रीवर (यंत्राने मोजण्याच्या पद्धती) करता का’ एवढं विचारा. समोरचा अडखळला तर दुसरी लॅब बघा.

दुसरा खड्डा एककाचा, आणि तो जास्त खोल. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. फरक दहापट. १२ आणि १.२ हे एकच रक्त असू शकतं. लॅब बदलली आणि सीआरपी ‘बारावरून सव्वावर उतरलं’ म्हणून पेढे वाटायच्या आधी आकड्याशेजारचं बारीक अक्षर वाचा. एचएस-सीआरपी नावाची महागडी आवृत्तीही काउंटरवर पुढे केली जाते. ती हृदयविकाराचा धोका पाहण्यासाठी आहे. तिथे १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त असे बारीक टप्पे लागतात. सुजलेल्या सांध्यांच्या माणसात तो बारीकपणा वाया जातो. साधं, आकड्यातलं सीआरपी पुरे.

रक्त देण्याची वेळ निवडणंही महत्त्वाचं. ताप, घसा, दाढेचा गळू, लघवीची जळजळ, नुकतीच घेतलेली लस, यातलं काहीही सीआरपी वाढवतं. नियमित तपासणी असेल तर ते बरं झाल्यावर दोनेक आठवडे थांबून रक्त द्या. आमवातावर औषध चालू असलेल्या माणसाचं सीआरपी शंभरच्या वर गेलं, किंवा एकच सांधा लालभडक, गरम झाला आणि अंगात ताप असला, तर घरपोच सेवेची वाट पाहू नका. सांध्यात पू झाला असू शकतो. सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खाजगी, थेट दवाखाना गाठायचा, कारण सांध्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय तिथे उत्तर मिळत नाही. उलट टोसिलिझुमॅबसारखं इंटरल्युकिन-६ अडवणारं इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या चालू असतील, तर सीआरपी औषधानेच दबतं. आकडा छान, आतून जंतुसंसर्ग पेटलेला, असं होऊ शकतं. म्हणून फॉर्मवर चालू औषधं लिहायला जागा हवी. बहुतेक फॉर्मवर ती नाही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’ही त्यात लिहाव्यात, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि स्टेरॉइडने दोन्ही आकडे उतरतात.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही जोडी दाह मोजत नाही, शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते. ‘आरए पॉझिटिव्ह’ म्हणजे आमवात, हा समज या भागात घट्ट बसलाय. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, यांत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसातही. उलट आमवाताच्या बऱ्याच पेशंटांत, विशेषतः सुरुवातीला, तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी जास्त नेमकी आहे : पॉझिटिव्ह आली, तीही ठळक, आणि सांधे सुजलेले असतील, तर आमवाताची शक्यता पक्की होत जाते. पॅकेजमध्ये तिच्यासाठी खरे पैसे मोजले जातात, कारण ईएसआर शे-दीडशे रुपयांच्या घरात होतं आणि अँटी-सीसीपी सुटी केली तर हजाराच्या आसपास किंवा वर जाते.

ती आयुष्यात एकदा, फार तर शंका राहिली तर दोनदा करायची चाचणी आहे. दर तीन महिन्यांनी पूर्ण प्रोफाइल करणाऱ्या घरांचा सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. अँटी-सीसीपी आजचा ठणका सांगत नाही. तिचा मोठा आकडा सांगतो तो पुढच्या काही वर्षांचा अंदाज : हाडं कुरतडली जाण्याची भीती जास्त, म्हणून उपचार लवकर आणि जोरात. औषधाने बरं वाटलं तरी ती निगेटिव्ह होईलच असं नाही. ‘अजून पॉझिटिव्हच आहे’ म्हणून औषध बदलायचं नसतं.

इथेही किटचा घोळ आहे. अँटी-सीसीपीची वरची मर्यादा काही किटमध्ये २०, काहींत १७, काहींत ५. मर्यादेच्या तिपटीपर्यंत सौम्य पॉझिटिव्ह, त्यापुढे ठळक पॉझिटिव्ह, असा निकष आहे. म्हणजे १८ हा आकडा एका किटवर निगेटिव्ह, दुसऱ्यावर काठावर आणि तिसऱ्यावर ठळक पॉझिटिव्ह ठरतो. डॉक्टरांना फोनवर नुसतं ‘अठरा आलंय’ सांगून उपयोग नाही, मर्यादा सांगा. केसांसाठी आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर ते लॅबला सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं आणि निकाल भरकटतो.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या पेशंटांत एक शक्यता विसरू नये : चिकुनगुनिया. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, घोटे सुजतात, सकाळी आखडतात, आणि काहींत हे महिनोन्‌महिने चालतं. रूप थेट आमवाताचं. आधी ताप येऊन गेला होता का, घरात-शेजारी कुणाला आला होता का, हे विचारल्याशिवाय आणि गरज पडली तर चिकुनगुनियाची आयजीएम चाचणी केल्याशिवाय शिक्का मारू नये. प्रोफाइलमध्ये ती नाही. जुलै ते नोव्हेंबर तरी एएसओच्या जागी ती ठेवली असती, तर या पॅकेजला अर्धा गुण जास्त दिला असता.

एएसओ ही घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसची खूण. लहान मुलांच्या ऱ्हुमॅटिक फिव्हरसाठी (घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदय धरणारा ताप) तिचं महत्त्व आहे, पन्नाशीतल्या बाईच्या बोटांसाठी नाही. कॅल्शियमचा आमवाताशी संबंध नाही. ड जीवनसत्त्व कमी निघतंच, गोळी घ्यावी, पण त्याने आमवाताची तीव्रता कळत नाही. युरिक अ‍ॅसिड गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून होणारं दुखणं), आणि ऐन गाउटच्या झटक्यातही ते नॉर्मल येऊ शकतं. या एका आकड्याने कोल्हापुरात किती घरांतला तांबडा-पांढरा विनाकारण बंद पाडला असेल! युरिक अ‍ॅसिड ७.१, सांधे आमवाताचे, आणि सल्ला ‘मटण आणि डाळी बंद’. अशक्तपणा आलेल्या माणसाचं प्रथिन काढून घेण्याचा हा उद्योग आहे.

याउलट जे असायला हवं तेच पॅकेजमध्ये नाही. आमवातात मेथोट्रेक्सेट हे पायाचं औषध, आणि ते घेणाऱ्याला सीबीसी, यकृताची एसजीपीटी आणि किडनीचं क्रिएटिनिन लागतं : पहिल्या तीन महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी पडल्या, यकृत चिडलं, किडनी मंदावली, हे आधी तिथे दिसतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, पेशी झपाट्याने पडतात आणि जीवावर बेतू शकतं. तेव्हा सीबीसीतल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अचानक खाली दिसल्या, तर लॅबने पीडीएफ पाठवून मोकळं न होता फोन करायला हवा. असा फोन करणारी लॅब सापडली तर तिला सोडू नका. टोसिलिझुमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी-सी पाहावे लागतात, पण ते वेगळं प्रकरण, प्रोफाइलमध्ये ते नसणं रास्तच.

काही रिपोर्टच्या शेवटी आता न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो छापलेला असतो. सीबीसीतल्या दोन आकड्यांचा तो भागाकार, लॅबला फुकट पडतो. दाह असला की तो वाढतो खरा, पण स्टेरॉइडनेही वाढतो. त्यावर उपचार ठरत नाहीत.

आता मुख्य प्रश्न : या आकड्यांवरून आमवात किती जोरात आहे ते कळतं का? एकट्या आकड्यावरून नाही. सांधे स्पष्ट सुजलेले असूनही ईएसआर आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल असलेले पेशंट मुळीच थोडे नाहीत. डॉक्टर जो स्कोर काढतात त्याला डॅस-२८ म्हणतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळांचे १०, बोटांच्या मधल्या पेऱ्यांचे अंगठ्यांसह १० आणि दोन गुडघे, असे २८ सांधे. सूत्र असं : दुखऱ्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ०.५६, अधिक सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ०.२८, अधिक ईएसआरचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले ०.७०, अधिक पेशंटने शून्य ते शंभरात सांगितलेला त्रास गुणिले ०.०१४. उत्तर २.६ च्या खाली असेल तर आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र.

उदाहरण घ्या. सहा सांधे दुखरे, चार सुजलेले, ईएसआर ४०, त्रास ५०. बेरीज ५.२१ येते, म्हणजे तीव्र. बाकी सगळं तसंच ठेवून ईएसआर २० धरला तर ४.७३, म्हणजे मध्यम. लॉगरिदममुळे ईएसआर दुप्पट झाला की स्कोर सुमारे ०.४९ ने वाढतो, मग तो ५ चा १० होवो की ४० चा ८०. औषधाला चांगला प्रतिसाद म्हणायला १.२ हून जास्त घट लागते. तिच्यातला पाव हिस्सा कललेली नळी आणि सत्तरावं मिनिट मिळूनच खाऊन टाकू शकतात. लॅबने ईएसआर नीट लावणं ही औपचारिकता का नाही, ते इथे कळतं.

सीआरपीवरच्या डॅसमध्ये आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये घालावा लागतो. एसडीएआय नावाच्या दुसऱ्या स्कोरमध्ये तोच आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि सरळ बेरजेत. तिथे १.२ च्या जागी १२ घातलं तर एकदम १०.८ गुण चढतात, आणि सौम्य आजार (मर्यादा ११) तडक मध्यमात जातो. मोबाइलवर स्वतः स्कोर काढणाऱ्यांची इथेच फसगत होते. रक्त अजिबात न लागणारा सीडीएआय हा स्कोरही आहे. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, पेशंटचा आणि डॉक्टरांचा दहापैकी अंदाज, एवढ्याची बेरीज. २.८ पर्यंत शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम. लॅबचा रिपोर्ट अडकला म्हणून तपासणी अडत नाही ती अशी. या स्कोरांत पाऊल मोजलेलं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. कोल्हापुरी चप्पल पायात सरकत नाही, अंगठ्याच्या पट्ट्यात बोटं आवळतात, तरी डॅस २.४ येऊ शकतो. ते डॉक्टरांना तोंडाने सांगावं लागतं.

घरी येणाऱ्या माणसाचं काम बघताना चार गोष्टींवर नजर ठेवा. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळलेला नको. सायट्रेट आणि ईडीटीएच्या नळ्या आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलट्या-सुलट्या केल्या पाहिजेत, खळखळून हलवल्या तर पेशी फुटतात. नाव आणि वेळ नळीवर तुमच्यासमोर लिहिली पाहिजे, घरी गेल्यावर नव्हे. आणि बर्फाच्या थैलीत नळ्या थेट बर्फाला टेकवून ठेवायच्या नाहीत. मूठ आवळा असं तो म्हणेल, पण आमवाताच्या माणसाला सकाळी साडेसहाला मूठ वळत नसते. हात कोमट पाण्यात पाच मिनिटं धरला तर शीर बरी उठते.

उपाशीपोटी राहा, हा निरोप जवळपास सगळीकडून येतो. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी यांपैकी कशालाही उपास लागत नाही. साखर किंवा चरबीची चाचणी जोडली असेल तरच. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही आणि गोळीशिवाय हात हलत नाही, अशा माणसाला विनाकारण दहापर्यंत ताटकळत ठेवण्यात शहाणपण नाही. दोन घास पोहे खाऊन गोळी घ्या, रक्त द्या. कटाची तर्री ओतलेली मिसळ तेवढी नंतर ठेवा, फार तेलकट खाण्यानंतर सीरम दुधाळ होऊन यंत्र गडबडू शकतं.

रिपोर्टच्या मांडणीला दोनच गुण का, तर पद्धत लिहिलेली नसते, एकक बारीक असतं, रक्त घेतल्याची आणि लावल्याची वेळ एकच छापलेली असते, आणि मागचे आकडे शेजारी दिसत नाहीत. पाच पानांच्या पीडीएफमध्ये तीन पानं आहाराच्या सल्ल्याची. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं चिन्ह असेल तर चांगलंच, पण मान्यता चाचणीगणिक असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबच्या यादीत अँटी-सीसीपी आहे का ते पाहता येतं. नुसतं रक्त गोळा करणाऱ्या केंद्राच्या दारावरचं चिन्ह मूळ लॅबचं असू शकतं. सही एमडी पॅथॉलॉजिस्टची आहे का, हेही पाहा.

अँटी-सीसीपी अनेकदा पुण्या-मुंबईला जाते. एरवी एका दिवसाचा उशीर, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा हा रस्ताच बंद होता. पावसाचा जोर असेल त्या आठवड्यात ‘चाचणी कोल्हापुरातच होते का’ हे आधी विचारून घ्यावं.

बुकिंग करताना पॅकेज न सांगता सुट्या चाचण्या सांगितल्या तर बिल किती होतं, तेही विचारा. पहिल्यांदा सीबीसी, ईएसआर, आकड्यातलं सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, आणि त्यांना एसजीपीटी, क्रिएटिनिनची जोड. पुढच्या वेळी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी वगळून बाकीच्या, त्याच लॅबमध्ये. काही ठिकाणी ही पहिली यादी पॅकेजएवढ्याच पैशात बसते, दुसरी मात्र बरीच स्वस्त पडते. रविवारी घरपोच सेवा चालू असली तरी रक्त त्याच दिवशी लागतं का, हे खात्री करून घ्या. सोमवारी लागणार असेल तर रविवारी ईएसआर देऊ नका.